‘इनअप्रोप्रिएट’ला मराठीत काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी एचआरला आहे. नोटीस बोर्डावर लावायची इंग्रजी सूचना मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. तिच्यात ‘इनअप्रोप्रिएट’ हा शब्द चार वेळा येतो. एकदा कपड्यांबद्दल, एकदा ई-मेलमधल्या भाषेबद्दल, एकदा पुरवठादारांकडून मिळणाऱ्या भेटवस्तूंबद्दल आणि एकदा महिला सहकाऱ्यांशी होणाऱ्या वागणुकीबद्दल. कोशात अयोग्य, अनुचित, असमर्पक असे अर्थ दिसतात. चारही ठिकाणी ‘अयोग्य’ लिहिलं तर चालेल का? आणि अनसुटेबल, अनफिट, इम्प्रॉपर हे शब्द याहून वेगळे कसे?

चालणार नाही. का चालणार नाही, ते जरा सविस्तर सांगते.

मी ठाण्यात, नौपाड्यात बसून गेली सव्वीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतेय. कोर्टाचे कागद, कंपन्यांची परिपत्रकं, औषधांबरोबरची माहितीपत्रकं, शाळांच्या सूचना. या शब्दाशी आठवड्यातून एकदा तरी गाठ पडते आणि अजूनही दर वेळी हात थांबतो. ‘घाणेरडा’, ‘खोटा’, ‘क्रूर’ हे शब्द आपापल्या पायांवर उभे असतात. ‘इनअप्रोप्रिएट’ तसा नाही. कशाला, कुठे, कुणी, कुणाशी, यांतलं काहीतरी सोबत असल्याशिवाय तो अर्धाच राहतो. वाक्यात ते लिहिलेलं नसेल तर शोधावं लागतं, आणि ते सापडलं की मराठी शब्द बहुधा आपोआप सुचतो.

याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘प्रोप्रिअस’ आहे. अर्थ ‘स्वतःचं, ज्याचं त्याचं’. प्रॉपर, प्रॉपर्टी, प्रोप्रायटर ही सगळी त्याच घरातली मंडळी. ‘अप्रोप्रिएट’ म्हणजे त्या जागेचं, त्या प्रसंगाचं स्वतःचं होऊन गेलेलं. मागे ‘इन’ लागला की त्या जागेचं नसलेलं. आपल्याकडे ‘अनाठायी’ हा शब्द अगदी हेच सांगतो. ठाय म्हणजे ठिकाण. ‘अप्रोप्रिएट’ हाच शब्द क्रियापद म्हणून आला की अर्थ होतो ताब्यात घेणं, एखाद्या कामासाठी बाजूला काढणं. विधिमंडळात अर्थसंकल्पानंतर येतं ते ‘विनियोजन विधेयक’ इंग्रजीत ‘अप्रोप्रिएशन बिल’ असतं. आणि दुसऱ्याचं आपलंसं करून टाकणं हे ‘मिसअप्रोप्रिएशन’, म्हणजे अपहार. उच्चारातही फरक आहे: विशेषण असेल तर शेवट ‘अट’सारखा, क्रियापद असेल तर ‘एट’. आपल्याकडे ऑफिसात दोन्हीला ‘एट’च म्हणतात, म्हणून मीही इथे तसंच लिहितेय. मुलाखतीत किंवा परदेशी लोकांशी बोलताना मात्र ‘इन-अ-प्रोप्रि-अट’ म्हणा, जोर ‘प्रो’वर.

आता मुद्दा. जी गोष्ट इनअप्रोप्रिएट असते ती मुळात वाईट असेलच असं नाही. हळदीच्या दिवशी नवरदेवाची केलेली थट्टा सगळ्यांना हवीशी वाटते, तीच थट्टा तेराव्याला केली तर लोक उठून जातील. थट्टा तीच, जागा चुकली. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याचा विचार मांडताना दाखला दिला तो दागिन्यांचा: कमरपट्टा गळ्यात घातला, हार कमरेला बांधला, पैंजण हातात आणि बाजूबंद पायात घातले तर कुणाला हसू येणार नाही? यातला एकही दागिना खोटा नाही. मला या शब्दाची इतकी नेमकी फोड दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

म्हणून मराठी करताना आधी बघायचं की जुळलं नाही ते कशाशी.

वेळेशी किंवा विषयाशी जुळत नसेल तर ‘अनाठायी’, ‘अप्रस्तुत’. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू असताना कुणी सचिवांच्या घरगुती भांडणाचा विषय काढला तर ते अप्रस्तुत. बोलणाऱ्याच्या वयाशी, पदाशी किंवा नात्याशी जुळत नसेल तर मराठी माणूस ‘शोभत नाही’ म्हणतो. ‘बरं दिसत नाही’ हेही तिथलंच, फक्त जरा घरगुती. सरकारी भाषेत याला ‘अशोभनीय’ म्हणतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांत सरकारी कर्मचाऱ्याने आपल्या पदाला न शोभणारं काही करू नये असं बंधन आहे, आणि तिथे इंग्रजी शब्द ‘अनबिकमिंग’ आहे. लहान मुलांच्या बाबतीत ‘वयाला न साजेसं’ चांगलं बसतं. प्रमाणाशी जुळत नसेल तर ‘अवाजवी’. रीतीला, नीतीला सोडून असेल तर ‘अनुचित’ किंवा ‘गैर’. ‘गैर’ हा दोन अक्षरांचा शब्द मला फार उपयोगी वाटतो. ‘यात गैर काय आहे?’ हे वाक्य कुणालाही समजतं, ‘यात अनुचित काय आहे?’ म्हटलं की माणूस भाषणाला उभा राहिल्यासारखा वाटतो. ‘अनुचित’ची खरी जागा औपचारिक आहे. आपल्या विधिमंडळात आमदार ‘औचित्याचा मुद्दा’ मांडतात, तिथे तो शब्द शोभून दिसतो.

वैद्यकातलं उदाहरण मुद्दाम देते, कारण तिथे या शब्दाला नीतीचा वासही नाही, आणि नवे भाषांतरकार तिथेच हमखास अडखळतात. शरीरात पाणी धरून ठेवायला सांगणारं एक संप्रेरक असतं. रक्तातलं सोडियम उतरलेलं असताना ते थांबायला हवं, तरी काही रुग्णांत ते स्रवतच राहतं. या आजाराच्या इंग्रजी नावात ‘इनअप्रोप्रिएट’ आहे. एकाने त्याचं ‘अनुचित स्राव’ केलेलं मी तपासायला घेतलं होतं. संप्रेरकाने कसला अनुचितपणा केला? शरीराला गरज नसताना होणारा स्राव, एवढंच म्हणायचं आहे. साध्या विषाणूजन्य सर्दीला अँटिबायोटिक देणं हेही इंग्रजीत ‘इनअप्रोप्रिएट यूज’, मराठीत ‘अनाठायी वापर’. आणि मनोविकारात ‘इनअप्रोप्रिएट अफेक्ट’ म्हणतात, म्हणजे वाईट बातमी सांगताना रुग्ण हसतो, चेहऱ्यावरचा भाव आणि प्रसंग यांचा मेळ बसत नाही. तिथे ‘विसंगत’ हवं. ‘अयोग्य भाव’ लिहिलं तर रुग्णाच्या नातेवाइकांना वाटतं की डॉक्टर त्याला दोष देताहेत. आधीच खचलेल्या घराला अशा एका शब्दाने आणखी टोचायचं कशाला?

‘अयोग्य’ची खरी अडचण हीच आहे. तो एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो: कामाला न येणारं आणि चुकीचं. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि पहिला आहे ‘अनफिट’. पावसाळा जवळ आला की ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. तिच्यात सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ असे वर्ग असतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करायची इमारत. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी लोक राहत असताना दुरुस्त करायची, सी-३ किरकोळ दुरुस्तीची. इथे ‘अयोग्य’ अगदी बरोबर आहे. इमारत त्या उपयोगाची उरली नाही, बस. तिला कुणी अनुचित म्हणणार नाही आणि इंग्रजीतही त्या इमारतीला कुणी ‘इनअप्रोप्रिएट’ म्हणत नाही. ज्याचं काम, क्षमता, प्रकृती कमी पडते ते अनफिट. वर्षानुवर्षं ‘खाण्यास अयोग्य’, ‘राहण्यास अयोग्य’ वाचत आल्यामुळे ‘अयोग्य’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात निकामी झालेली वस्तू येते. म्हणूनच ‘अयोग्य वर्तन’ इतकं गुळगुळीत लागतं.

बाकीच्या भावंडांचं लवकर उरकते. ‘अनसुटेबल’मध्ये दोष नसतो, नुसती निवड असते: खाडीकाठची मऊ जमीन इमारतीच्या जड पायासाठी अनसुटेबल, तुमच्या मराठीत ‘सोयीची नाही’ किंवा ‘उपयुक्त नाही’. ‘इम्प्रॉपर’ नियमाकडे किंवा पद्धतीकडे बोट दाखवतो, म्हणजे ‘रीतसर नसलेलं’. आणि गणितात तर ‘इम्प्रॉपर फ्रॅक्शन’ला आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘अंशाधिक अपूर्णांक’ केलं आहे, अयोग्य अपूर्णांक नव्हे. ज्यांनी ते केलं त्यांनी शब्दाकडे न बघता वस्तूकडे बघितलं. ‘इनएलिजिबल’ म्हणजे अपात्र, अटीत न बसणारा. ‘इनॅप्ट’ म्हणजे गैरलागू, जसं की चुकलेलं उदाहरण. ‘इनेप्ट’ त्याच मुळातून आला असला तरी त्याचा अर्थ कामात कच्चा, ढिसाळ असा आहे. या दोघांची गल्लत करू नका, माणसं दुखावतात.

आता तुमची सूचना.

कपड्यांचं सोपं आहे, पण आधी विचारून घ्या की तो नियम कशासाठी आहे. यंत्राजवळ सैल ओढणी, लोंबता दुपट्टा किंवा चप्पल नको असेल तर तो सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि मग सरळ लिहा: ‘यंत्राजवळ सैल कपडे, ओढणी व उघडी पादत्राणे चालणार नाहीत.’ ऑफिसच्या रिवाजाबद्दल असेल तर ‘कामाच्या ठिकाणाला न साजेसे कपडे’. ई-मेलला ‘कामकाजाच्या पत्रव्यवहारात न शोभणारी भाषा’. भेटवस्तूंना ‘गैर’ लावा, आणि शक्य असेल तर किती रुपयांच्या वरची भेट घ्यायची नाही तेही त्याच ओळीत लिहायला सांगा.

चौथी जागा मात्र वेगळी आहे. तिच्यासाठीच मी इतकं लिहायला बसले.

बऱ्याच वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या बाजूच्या एका कारखान्यासाठी मी अशीच सूचना केली होती. ‘महिला कर्मचाऱ्यांशी अनुचित वर्तन केल्यास कठोर कारवाई करण्यात येईल.’ व्याकरण शुद्ध, भाषा शुद्ध, कंपनीने लगेच मान्य केली. काही दिवसांनी दुसऱ्या कामासाठी तिथे गेले तेव्हा कँटीनबाहेर फळ्यावर ती लावलेली होती. फरशी पुसणाऱ्या एक मावशी तिथेच बादली ठेवून उभ्या होत्या. मी सहज विचारलं, मावशी, हे वाचलंत का? त्या म्हणाल्या, ‘वाचलं की. मोठ्यानं बोलायचं नाही, उलट उत्तर द्यायचं नाही, असंच ना?’ त्यांना वाटलं होतं की सूचना त्यांच्यासाठीच आहे, त्यांनी नीट वागावं म्हणून. मी त्यांना अर्थ समजावला. त्यांनी पदराला हात पुसले, दोन्ही बाजूंना बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘मग तसं लिहायचं होतंत की. इथं एक जण आहे.’

त्या वाक्याने मला आजवर सोडलेलं नाही. कागद त्यांच्या डोळ्यांसमोर होता, मराठीत होता, त्या वाचू शकत होत्या, आणि तरी तो त्यांच्या कामाचा नव्हता. चूक माझी होती. इंग्रजीत जे झाकलेलं होतं ते मी मराठीतही झाकूनच ठेवलं.

कारण हा शब्द झाकण म्हणूनही वापरतात. १७ ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी दूरचित्रवाणीवरून आपल्या एका संबंधाची कबुली दिली. आधी म्हणाले, तो संबंध ‘नॉट अप्रोप्रिएट’ होता. लगेच पुढचं वाक्य: ‘इन फॅक्ट, इट वॉज राँग.’ म्हणजे पहिला शब्द पुरेसा नाही हे बोलणाऱ्यालाही माहीत होतं. ‘इनअप्रोप्रिएट’मध्ये जागा चुकल्याची कबुली असते, ‘राँग’मध्ये अपराधाची. ज्या गोष्टीला कुठलीच जागा योग्य नाही, तिला ‘इनअप्रोप्रिएट’ म्हणणं म्हणजे तिचं वजन कमी करणं. अंगाला हात लावणं हे ऑफिसात चुकीचं आणि बसमध्ये बरोबर, असं काही नसतं.

आणि गंमत नाही, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की कायद्याने हा शब्द टाळला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यानंतर २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. दोन्हीकडे लैंगिक छळाच्या व्याख्येत शब्द आहे ‘अनवेलकम’. फरक नीट बघा. ‘इनअप्रोप्रिएट’ ठरवतो बघणारा समाज, ऑफिस, साहेब. ‘अनवेलकम’ ठरवते ती बाई. तिला ते नको होतं का, एवढाच प्रश्न. सरकारी मराठीत याला ‘अवांछित’ वगैरे शब्द सापडतील, पण आपल्या बायका रोज जो शब्द वापरतात तो त्याहून सरस आहे: ‘नकोसं’. नकोसा स्पर्श, नकोशी नजर, नकोसं बोलणं. हा शब्द लोकलच्या डब्यातही समजतो आणि कंपनीत तक्रार ऐकणाऱ्या समितीसमोरही टिकतो.

तेव्हा चौथ्या जागी मी असं लिहीन, आणि तुम्ही जसंच्या तसं घेतलंत तरी माझी हरकत नाही:

‘कोणत्याही महिलेला नकोसा स्पर्श करणे, अंगचटीला जाणे, शरीरसंबंधांची मागणी करणे, तिच्या शरीरावरून किंवा कपड्यांवरून लैंगिक शेरे मारणे, अश्लील चित्रे वा व्हिडिओ दाखवणे किंवा पाठवणे, खुणा करणे, हा लैंगिक छळ आहे. असे कोणी केल्यास अंतर्गत समितीकडे तक्रार करा. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या महिलाही तक्रार करू शकतात. लिहिता येत नसेल तर समिती तक्रार लिहून घेण्यास मदत करील.’

यातली शेवटची दोन वाक्यं मी पदरची घातलेली नाहीत. कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी कर्मचारी येतात, आणि तक्रार लेखी देता येत नसेल तर समितीने सर्व ती मदत करावी असंही कायदा सांगतो. मुदत घटनेपासून ३ महिन्यांची आहे, कारण पटलं तर समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत वाढवू शकते. तेही लिहा. १० किंवा त्याहून जास्त माणसं जिथे काम करतात तिथे ही समिती असावीच लागते आणि तिची अध्यक्ष महिलाच असते. समिती नेमल्याचा आदेश आणि शिक्षेची माहिती ठळक जागी लावणं हे मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे तुमची ही नोटीस कायद्याचंच काम करणार आहे.

साहेब म्हणतील, इंग्रजीत एवढं नाही, तुम्ही वाढवलंत. मला हे अनेकदा ऐकावं लागलंय. मी उत्तर देते की तुमच्या इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला ‘इनअप्रोप्रिएट’मागचं सगळं माहीत असतं, त्याने प्रशिक्षणात ते ऐकलेलं असतं. मराठी वाचणाऱ्याला तेवढंच पोचवायचं तर शब्द जास्त लागतील. तरीही नाहीच म्हणाले तर इंग्रजी मसुद्यातही ‘अनवेलकम’ घालायला सुचवा. कायद्याचाच शब्द आहे, त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

असाच अनुभव शाळेच्या चिठ्ठ्यांत येतो. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एक ताई मुलाच्या डायरीतली ओळ घेऊन आल्या होत्या: मुलगा वर्गात ‘इनअप्रोप्रिएट लँग्वेज’ वापरतो. त्यांना वाटलं पोरगं शिव्या शिकलं, घरी मार पडायची वेळ आली होती. मी म्हटलं, आधी बाईंना विचारा, शब्द कोणता? निघालं असं की तो सरांशी अरे-तुरे करत होता. घरी आजोबांनाही तो ‘तू’च म्हणतो, तिथे ते लाडाचं आहे. हा खराखुरा ‘इनअप्रोप्रिएट’, जागा चुकलेला. त्याला ‘न शोभणारी भाषा’ म्हटलं असतं तर त्या माउलीची रात्रीची झोप तरी उडाली नसती.

तुम्हाला स्वतःला इंग्रजीत हा शब्द वापरायचा असेल तर एवढं सांभाळा. प्रसंगाशी न जुळणारं म्हणायचं तर पुढे ‘टू’ किंवा ‘फॉर’, म्हणजे ‘इनअप्रोप्रिएट टू द ओकेजन’. माणसांसाठी बहुधा ‘फॉर’: ‘इनअप्रोप्रिएट फॉर चिल्ड्रन’. ‘वुइथ’ जोडायचा तर आधी ‘बिहेव्ड’ हवं. ‘ही इज इनअप्रोप्रिएट’ असं माणसाला थेट चिकटवणं हल्ली ऐकू येतं, पण लेखी टाळा. माणूस नव्हे, त्याचं वागणं तसं असतं. आणि तक्रारीच्या कागदात तर हा शब्द एकटा कधीच ठेवू नका. पुढे काय घडलं ते लिहा: कुणी, कुठे, केव्हा, काय केलं.

फळ्यावर लावण्याआधी आणखी एक करा. तुमच्याकडच्या हाउसकीपिंगच्या दोन-तीन जणींना चहाच्या वेळी बोलवा, मसुदा मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, यातून काय कळलं? त्यांनी जे शब्द वापरून परत सांगितलं ते लिहून घ्या आणि मसुद्यात बसत असतील तिथे बसवा. समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत खाली असू द्या, आणि नोटिशीची एक प्रत महिलांच्या प्रसाधनगृहातही लावा. तिथे ती कुणी बघत नसताना वाचता येते.